माइक गप्प, तरी दीड वॅट

रेडिओ सेटचा पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलेला, माइक टेबलावर उपडा, खोलीत पंख्याची घरघर सोडली तर आवाज नाही. आणि अँटेनाऐवजी जोडलेल्या डमी लोडवरचा मीटर ११.८ व्होल्ट दाखवतोय. मीटरच्या डिटेक्टरमधल्या डायोडमध्ये खर्ची पडणारे ०.६ व्होल्ट त्यात धरले की १२.४. त्याचा वर्ग करून शंभरने भागला की लोड ५० ओहमचा असताना वॅट मिळतात. आले दीड.

सिंगल साइडबँडच्या सेटमधून बोलणं थांबलं की काहीच बाहेर पडायला नको. कॅरिअर, म्हणजे आवाज जिच्यावर चढतो ती मूळ लहर, आतच दाबून टाकायचा आणि आवाजाची एकच बाजू हवेत सोडायची, हाच तर त्या पद्धतीचा मुद्दा. माझा सेट मात्र न बोलता दीड वॅट कॅरिअर ओतत होता. हा दोष सापडायला तीन आठवडे लागले. सापडला तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान जागेत. त्याचं हे प्रकरण, कुठे कुठे फसलो त्यासकट.

सेट कसला

किट ४० मीटर बँडचं, म्हणजे आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ. मांडणी बिटएक्सच्या घराण्यातली. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी ती मूळ काढली, भारतातल्या हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांतून सेट बांधता यावा म्हणून. पहिल्या आराखड्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचं नायलॉनचं वॉशर वापरलं होतं. नावातला ‘बि’ बायडायरेक्शनलचा. क्रिस्टल फिल्टर एकच, मिक्सर तेच, ऐकतानाही आणि बोलतानाही. फक्त मधले अ‍ॅम्प्लिफायर जोडीजोडीने पाठीला पाठ लावून बसवलेले, आणि रिले ज्या बाजूला वीज देईल ती बाजू जागी होते. ‘ऐकतानाही आणि बोलतानाही’ हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. मी ठेवलं नव्हतं.

माझ्या किटमध्ये १२ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलचा फिल्टर, तेवढ्याच्याच आसपास चालणारा बीएफओ (कॅरिअर तयार करणारा ऑसिलेटर), ५ मेगाहर्ट्‌झच्या जवळपास चालणारा डिजिटल व्हीएफओ (स्टेशन बदलताना फिरवायचा ऑसिलेटर) आणि शेवटी पॉवरला आयआरएफ ५१० हा मॉस्फेट ट्रान्झिस्टर. १२ आणि ५ यांची वजाबाकी ७ च्या घरात येते, झाला ४० मीटर. परवाना आधीच होता. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा दिल्यावर मिळालेला रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, ‘व्हीयू ३’ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनचा. तो नसेल तर सोल्डरिंग आयर्न जरूर तापवा, पण पीटीटीला हात लावू नका.

जोडणी जेवणाच्या टेबलावर, रात्री नऊनंतर. २५ वॅटचं सोल्ड्रॉनचं आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्सची डबी आणि वर्तमानपत्राच्या चार थरांवर एक जुनी फरशी. वीज यूपीएसमधल्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीची. अ‍ॅडॉप्टर मुद्दाम टाळला, कारण स्विचिंग अ‍ॅडॉप्टरची कुरकुर ४० मीटरवर स्टेशनांपेक्षा मोठी ऐकू येते.

डमी लोड घरचाच. एक किलोओहमचे अर्ध्या वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि १० वॅट. अँटेना जोडून चाचण्या करू नयेत. बिघडलेला सेट हवेत काय सांडतोय ते आपल्याला दिसत नसतं, दुसऱ्यांना मात्र ऐकू येतं.

तार कमी पडली

या गोष्टीचं मूळ इथे आहे. ते मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

किटसोबत तांबड्या रंगाच्या इनॅमल तारेचं छोटं रीळ होतं. लो-पास फिल्टरच्या कॉइल मी दोनदा चुकीच्या गुंडाळल्या. टोरॉइडवर, म्हणजे कडीवर, वेढे मोजताना तार भोकातून किती वेळा गेली ते मोजायचं असतं, मी बाहेरून दिसणारे मोजत बसलो. पहिल्यांदाच तार भोकातून ओवली की तो एक वेढा झाला, हे प्रत्येक नवशिक्याला एकदा कुणीतरी सांगावं लागतं. मला सांगायला कुणी नव्हतं. उकललेली तार वाकडीतिकडी होते, परत नीट बसत नाही. दोन कॉइल फुकट गेल्या आणि ट्रान्सफॉर्मरची वेळ आली तेव्हा रीळ संपलेलं.

मग कोपऱ्यावरच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. तीस गेजची तार मागितली. मालकांनी पंखे भरायच्या रिळातून पाच-सहा मीटर काढून दिली आणि पैसे घ्यायला तयार होईनात. गडद तपकिरी, झकास चमकदार तार. जाडीही तीच, साधारण ०.३ मिलिमीटर. मला वाटलं, तार ती तार.

तशी ती नसते. रेडिओच्या किटमध्ये बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा मुलामा असलेली तार देतात. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तार काही सेकंद धरली की धूर येतो, मुलामा जळून जातो आणि तांब्यावर सोल्डर आपोआप चढतं. पंख्याच्या नि मोटारीच्या तारेचा मुलामा वेगळ्या जातीचा. मोटार तापली तरी तो वितळू नये म्हणूनच बनवलेला. २५ वॅटच्या आयर्नला तो दाद देत नाही. तो ब्लेडने किंवा सँडपेपरने खरवडावाच लागतो.

हे मला पहिल्याच टोकाला कळलं, आणि मी खरवडूही लागलो. ट्रान्सफॉर्मर ट्रायफायलर होते. तीन तारा हातड्रिलने पिळून एकत्र करायच्या, साडेनऊ मिलिमीटरच्या फेराइट कडीवर दहा वेढे द्यायचे, मग सहा टोकं सोडवून कुठलं कुणाचं ते मीटरने ओळखायचं. तीन ट्रान्सफॉर्मर, अठरा टोकं. प्रत्येक टोक चारी बाजूंनी खरवडायचं. तार केसासारखी, बोटांत फिरते, ब्लेड जरा जास्त दाबलं की तुटते. सतरा टोकं नीट झाली, असं मला वाटलं. अठरावं केलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

चुकीच्या दिशेने दोन आठवडे

सेट जागा झाला तेव्हा आधी ऐकू येऊ लागलं. गच्चीवर वीस मीटरचा डायपोल अँटेना, दोन्हीकडे दहा-दहा मीटर, एक टोक पाण्याच्या टाकीला आणि दुसरं शेजारच्या नारळाला. सकाळी साडेसातला बंगळुरू, नागपूर, कुठलं कुठलं ऐकू आलं. जरा बारीक, पण आलं. मी खूश. बारीक का, असा प्रश्न मनात आला होता. तो मी नारळाच्या गळ्यात मारला.

आयआरएफ ५१० चा बायस, म्हणजे न बोलतानाचा करंट, लावला. प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) शून्यावर ठेवून, पीटीटी दाबून, करंट १०० मिलिअँपिअरने वाढेपर्यंत हळूहळू उघडायचा. या मॉस्फेटचा धातूचा भाग ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकशी लावताना मध्ये अभ्रकाची चकती हवी. ती विसरलो नव्हतो. इथवर सगळं बरोबर.

मग आले ते ११.८ व्होल्ट.

माझा पहिला संशय ‘पीए’वर, म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरवर. आयआरएफ ५१० स्वतःच डोलायला लागला, म्हणजे ऑसिलेट होऊ लागला, तर काही न बोलताही पॉवर निघते. इंटरनेटवर ज्याला त्याला हाच अनुभव आलेला दिसतो, आणि आपला आजारही तोच असणार असं वाटायला वेळ लागत नाही. माझ्या सेटमध्ये मॉस्फेटच्या तारा लांबच होत्या. त्या तोडून आखूड केल्या. गेटवर फेराइट मणी ओवला. गेटचा रेझिस्टर बदलला. फरसाणाच्या डब्याचा पत्रा कापून पॉवरचा भाग आणि बाकी बोर्ड यांच्यात भिंत उभी केली. या भानगडीत प्रोबचं टोक घसरलं आणि एक आयआरएफ ५१० गेला. दुसरा लावला. मीटर ११.८. भिंत काढली तरी ११.८, लावली तरी ११.८.

आता मागे वळून पाहिलं की त्या आकड्यानेच सांगितलं होतं. आपण होऊन डोलणारा अ‍ॅम्प्लिफायर इतका शहाण्यासारखा वागत नाही. हात जवळ नेला, तार हलवली, बॅटरी उतरली की तो बदलतो. माझा आकडा दगडावरची रेघ होता.

दुसरा आठवडा व्होल्टेज मोजण्यात गेला. सर्किटच्या नकाशावर प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवर काय यायला हवं ते छापलेलं होतं. सगळं जुळलं. एके ठिकाणी बीसी ५४७ ऐवजी २एन ३९०४ बसवला होता, तिथे थोडी आशा वाटली. चपटी बाजू आपल्याकडे केली की एकाचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर, दुसऱ्याचे नेमके उलट. पण तो मी त्या वेळी वळवूनच लावलेला निघाला. व्होल्टेज जुळणारच होतं म्हणा, कारण दोष जिथे होता तिथून डीसी जातच नव्हता.

काकांचा एक प्रश्न

आमच्या भागात एक ज्येष्ठ हॅम आहेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांना फोन करायला मी इतके दिवस का लावले, याचं उत्तर सोपं आहे. किट आपल्या हाताने झालं असं सांगायचं होतं.

“काका, कॅरिअर येतोय. पीए डोलतोय बहुतेक.”

“बहुतेक कशाला? बीएफओ बंद कर आणि बघ किती येतं ते.”

“बंद कसा करू?”

“अरे, क्रिस्टलच्या दोन पायांना स्क्रूड्रायव्हर आडवा लाव. क्षणभरच. फोन चालू ठेव.”

लावला. मीटर सरळ शून्यावर. उचलला, पुन्हा ११.८.

“मग पीएचा काय संबंध?” काका म्हणाले. “तुझा बीएफओच गळतोय. बॅलन्सचा प्रीसेट फिरव. मध्ये कुठे खड्डा लागतो का सांग.”

फिरवला. एका टोकाला ११.८, दुसऱ्या टोकाला ११.१. मधलं सगळं एकसारख्या उताराने. खड्डा नाही.

“आणि ऐकायला कसं येतं?”

“बारीक येतं. अँटेना जरा खाली आहे.”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, “अँटेनाला कशाला नावं ठेवतोस? ऐकताना आणि बोलताना दोन्हीकडे कोण असतं, ते नकाशावर बघ आणि मग फोन कर.” ठेवला.

नकाशावर

दोन्हीकडे असतो तो बॅलन्स्ड मॉड्युलेटर. बोलताना तो माइकचा आवाज बीएफओवर चढवतो आणि बीएफओला स्वतःला बाहेर पडू देत नाही. ऐकताना तोच उलटा डिटेक्टर होतो. आत दोन १एन ४१४८ डायोड, एक ट्रायफायलर ट्रान्सफॉर्मर आणि १०० ओहमचा प्रीसेट. बीएफओ एका वाइंडिंगला दिलेला. उरलेली दोन वाइंडिंग मालिकेत. त्यांची दोन बाहेरची टोकं दोन डायोडना, आणि मधलं टोक फिल्टरकडे.

एका डायोडकडून बीएफओ सरळ येतो, दुसऱ्याकडून उलटा. दोन्ही सारखे असले की मधल्या टोकाला एकमेकांना खाऊन टाकतात. सोनाराच्या तराजूसारखं आहे, पारडी समान तर काटा मध्ये. प्रीसेट म्हणजे पारड्यात टाकायची शेवटची गुंज. आता एक पारडंच तुटलेलं असेल तर? गुंजा इकडून तिकडे कितीही करा, काटा मध्ये येणार नाही. थोडा हलेल, इतकंच. ११.८ ते ११.१.

ऐकू बारीक का येत होतं तेही यातच होतं. एक डायोड एकटा असला तरी डिटेक्टरचं काम करतो, फक्त अर्धवट. नारळाची माफी मागायला हवी.

कुठलं पारडं तुटलंय हेही प्रीसेटने सांगितलं. दुसऱ्या क्रमांकाच्या डायोडकडे प्रीसेट नेला, म्हणजे त्याच्या वाटेतला रेझिस्टन्स कमी केला, की मीटर वर जात होता. मग जिवंत आहे तो दुसरा, आणि मेलाय तो पहिला. हा शोध मी आयर्न हातात न घेता, चहा पिता पिता लावला. या तीन आठवड्यांत मला खरोखर मजा आली ती याच वीस मिनिटांत.

पहिला डायोड बदलला. मीटरच्या डायोड रेंजवर ०.५९१ आणि ०.५९२ दाखवणारी जोडी निवडून दोन्ही बदलले. काही फरक नाही, आणि दोनदा उपसाउपशी केल्याने एक पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) उचलायला लागलं. तिथे थांबलो. डायोड नाही, मग ट्रान्सफॉर्मर. पण तो तर मी जोडतानाच तपासला होता. सहाही टोकं, बोर्डाच्या मागून, मीटर बीपवर ठेवून. सहाही वेळा बीप.

पुन्हा तपासला. पुन्हा बीप. तिसऱ्यांदा केलं तेव्हा प्रोब जरा तिरका पडला आणि बीप आलाच नाही. सरळ धरला, आला. सोल्डरच्या टेकडीच्या उताराला टेकवला, नाही आला. शेंड्याला टेकवला, आला.

घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. सोल्डरची टेकडी सुरेख, चकचकीत, पुस्तकात दाखवतात तशी. तिच्या बरोबर शेंड्यावर, कटरने तार कापली होती तिथे, तांब्याचा एक लाल ठिपका. आणि त्या ठिपक्याभोवती केसाएवढं तपकिरी वर्तुळ. मुलामा. आत तांबं, बाहेर सोल्डर, मध्ये पंख्याच्या कारखान्याने नीट चढवलेलं इन्सुलेशन.

अठरावं टोक. खरवडलं होतं मी, पण टोकाचे पाच-सहा मिलिमीटरच. ट्रान्सफॉर्मर बोर्डावर नेटका बसावा म्हणून तार मागून ओढली, तेव्हा खरवडलेला भाग भोकातून आरपार निघून गेला आणि भोकात आला तो न खरवडलेला. सोल्डर पॅडवर छान पसरलं, तारेला बिलगून उभं राहिलं आणि तारेला धरलंच नाही. वर मी कटरने नेमका खरवडलेला तुकडा कापून केरात टाकला. किटमधली तांबडी तार असती तर सोल्डरच्या उष्णतेने ही चूक पोटात घातली असती.

आणि मीटर खोटं बोलला नव्हता. प्रोबचं टोक लाल ठिपक्यावर बसत होतं, म्हणून वाइंडिंग अखंड असल्याचं तो सांगत होता. वाइंडिंग अखंड होतंच. पॅडला ते जोडलंय का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. विचारायचं तर जोडावर प्रोब ठेवून भागत नाही, जोडाच्या पलीकडे जावं लागतं. पहिल्या डायोडच्या पायावर एक प्रोब आणि मधल्या टोकाला जोडलेल्या कपॅसिटरच्या पायावर दुसरा. तसं मोजलं तर उघडी वाट. दुसऱ्या डायोडकडून तेच मोजलं तर ०.३ ओहम. पाच सेकंदांचं काम.

दुरुस्ती

तार मागून इतकी आखूड कापली होती की पुढे ओढायला काही उरलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर काढला तर ते उचलायला आलेलं पॅड हातात येणार हे दिसत होतं. म्हणून वरच्या बाजूला, कडी आणि बोर्ड यांच्यामध्ये तारेचा जो चार मिलिमीटर भाग दिसत होता, तो ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडला, सोल्डर चढवलं आणि रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा तुकडा तिथून डायोडच्या पायापर्यंत टाकला. काका नंतर बघून म्हणाले, “मुलगी दाखवायची नाहीये, चालेल.” तो तुकडा अजून तसाच आहे.

पीटीटी दाबला. प्रीसेट मधोमध आणला आणि मीटर असा खाली गेला की बॅटरीची पिन निघाली की काय म्हणून मी खाली वाकून पाहिलं. शेवटचं बारीक काम कानाने केलं. शेजारी दुसरा रिसीव्हर त्याच फ्रिक्वेन्सीवर ठेवून, त्यातली कॅरिअरची शिट्टी ऐकू येईनाशी होईपर्यंत प्रीसेट आणि त्याच्या बाजूचा ट्रिमर कपॅसिटर आळीपाळीने. मग माइकमध्ये लांब ‘आऽऽ’. मीटर २३.९. डायोडचे धरून साडेचोवीस, म्हणजे सहा वॅट. बोलणं थांबलं की शून्य.

बाकीची सतरा टोकं डायोडच्या, कपॅसिटरच्या, रेझिस्टरच्या पायांवरून पुन्हा मोजली. सोळा ठीक. एक ४ ते ७ ओहममध्ये नाचत होतं. तेही खरवडून पुन्हा जोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अँटेना जोडली. ऐकू येणारं सगळं एका पायरीने पुढे सरकलं होतं, नारळ तिथेच असून. हैदराबादच्या एका स्टेशनने पहिल्याच हाकेला उत्तर दिलं, ‘फाइव्ह सेव्हन’ दिलं, म्हणजे बोलणं पूर्ण समजतंय आणि सिग्नलही बऱ्यापैकी जोरकस, आणि सेट कुठला विचारला. घरी जोडलाय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, किती दिवस लागले. मी जोडायला लागलेले अकरा दिवस सांगितले. बाकीचे नाही.

रिवाइंडिंगच्या दुकानातली तार दोनेक मीटर उरली आहे. पेनाच्या रिकाम्या नळीवर गुंडाळून ठेवली आहे, वर चिकटपट्टीवर लिहिलंय, ‘पंख्याची. खरवडा, आणि पलीकडून मोजा.’